फीड पंप : टाकी ते इंजिन या अंतराचा इतिहास

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांची चिठ्ठी आली. त्यांचा भाचा अमेरिकेत असतो. त्याच्याकडे 2001 सालची डॉज रॅम आहे, कमिन्स डिझेल इंजिनवाली. गाडीचा 'लिफ्ट पंप' गेलाय आणि बाजारात शंभर डॉलरपासून पुढे वाटेल त्या किमतीचे पंप दिसतात. स्वस्तात कुठला बसवावा, असं तो मामाला विचारतोय, आणि मामांनी तो प्रश्न माझ्याकडे ढकलला. खाली लिहिलं होतं, "याला काही इतिहास आहे का?"

आहे. खरं तर नुसता पंपाचा भाव विचारून या प्रश्नाचं उत्तर मिळतच नाही, इतका त्याला इतिहास आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. अमेरिकन माणूस ज्याला लिफ्ट पंप म्हणतो त्याला आपल्याकडचा मिस्त्री फीड पंप म्हणतो. काम एकच. टाकी मागे, खाली. इंजिन पुढे, वर. टाकीतलं डिझेल इंजिनाजवळच्या मोठ्या इंजेक्शन पंपापर्यंत आणून द्यायचं. पुढे तो मोठा पंप ते डिझेल प्रचंड दाबाने नोझलमधून सिलिंडरमध्ये मारतो. फीड पंप म्हणजे पाणक्या. मान मोठ्या पंपाला, खर्चही त्याच्यावर.

सुरुवातीला या पाणक्याची गरजच नव्हती. फोर्डच्या मॉडेल टी गाडीची टाकी सीटखाली असायची आणि पेट्रोल आपलं आपण उतरत कार्ब्युरेटरकडे जायचं. चढ आला आणि टाकीत पेट्रोल कमी असलं, की ते पुढे पोचायचं नाही. मग लोक गाडी उलटी करून रिव्हर्समध्ये घाट चढायचे! हसू नका, टाकी इंजिनापेक्षा उंच ठेवायचा तो सरळ उपाय होता.

डिझेलची गोष्ट वेगळी. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन 1897 मध्ये आउग्सबुर्गला नीट चाललं, पण त्यात इंधन आत ढकलायला दाबलेली हवा लागे, म्हणजे सोबत भला थोरला कॉम्प्रेसर आला. कारखान्यात आणि जहाजावर ते चालून गेलं, ट्रकमध्ये कसं चालणार? ट्रकला डिझेल इंजिन 1923-24 च्या सुमारास जर्मनीत बसलं, आणि त्याचा खरा प्रसार झाला तो रॉबर्ट बॉशच्या कंपनीने 1927 मध्ये इंजेक्शन पंप कारखान्यात मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला तेव्हा. इनलाइन पंप. जितके सिलिंडर तितके प्लंजर, एका ओळीत. याच पंपाच्या कुशीत एक छोटा फीड पंप बसू लागला, मोठ्या पंपाच्याच कॅमशाफ्टवर चालणारा.

या छोट्या पंपापाशी मी जरा रेंगाळणार आहे, कारण मला तो फार आवडतो. आत एक पिस्टन, मागे एक स्प्रिंग, दोन व्हॉल्व्ह. कॅम पिस्टनला एका बाजूला ढकलतो, पण डिझेल पुढे लोटायचं काम स्प्रिंग करते. म्हणजे पुढे डिझेल भरपूर झालं, दाब वाढला, की स्प्रिंगला पिस्टन पुढे रेटता येत नाही. पिस्टन मध्येच थबकतो आणि पंप आपोआप कमी डिझेल देतो. मागणी वाढली की पुन्हा पूर्ण झेप. ना वायर, ना सेन्सर. वर एक हातपंप, प्रायमर.

तुमच्यापैकी ज्यांनी रात्रीचा प्रवास एसटीने किंवा ट्रकने केलाय त्यांनी हे दृश्य पाहिलं असेल. घाटात गाडी बंद पडलेली. ड्रायव्हर म्हणतो, "एअर धरली." क्लीनर बॉनेट उघडून एक बोल्ट सैल करतो आणि तो हातपंप मारत बसतो. आधी फेस येतो, बुडबुडे येतात, मग स्वच्छ डिझेलची धार. बोल्ट आवळला, सेल्फ मारला, गाडी सुरू. टाटांचा मर्सिडीज-बेंझशी करार 1954 चा. बॉशच्या सहभागातली मायको बंगळुरूला 1951 मध्ये निघाली, पुढे तिचा नाशिकचा कारखानाही आला. त्यामुळे या जातीचा पंप आपल्या रस्त्यांवर घरचा झाला. हायवेला 'डिझेल पंप, नोझल, कॅलिब्रेशन' अशा पाट्या लागल्या. पुण्यात नाना पेठेत जाऊन फीड पंपाची किट मागितली की वॉशर, स्प्रिंग, व्हॉल्व्ह पुडीत मिळे. अख्खा पंप बदलायची वेळ क्वचित. 'स्वस्त पर्याय' हा प्रश्नच वेगळ्या रूपात होता : नवा घ्यायचा की किट टाकायची, एवढाच.

आता अमेरिकेत जाऊ. डॉजने आपल्या पिकअपमध्ये कमिन्सचं 5.9 लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन 1989 च्या मॉडेलपासून बसवलं. ही कमिन्स म्हणजे इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावची, 1919 ची. पुण्यातल्या कोथरूडकरांना ती वेगळी सांगायला नको, किर्लोस्कर कमिन्स 1962 पासून तिथेच. तर या पहिल्या इंजिनांना फीड पंप यांत्रिकच होता, इंजिनाच्या कॅमवर चालणारा. घोड्यांचे ट्रेलर ओढणारे, शेतकरी, छोटे कंत्राटदार यांनी या गाड्या लाखो मैल पळवल्या.

मग धुराचे नियम कडक झाले. 1998 च्या मध्यावर इंजिन बदललं : चोवीस व्हॉल्व्ह, आणि इंजेक्शनला बॉशचा व्हीपी 44 नावाचा इलेक्ट्रॉनिक रोटरी पंप. डोक्यावर स्वतःचा छोटा कॉम्प्युटर घेऊन बसलेला. आणि यांत्रिक फीड पंप जाऊन त्या जागी आला विजेवर चालणारा लिफ्ट पंप, इंजिनाच्याच अंगावर बसवलेला.

इथे दोन गोष्टी एकदम बदलल्या, आणि भाच्याचा प्रश्न त्या दोन्हींच्या मध्ये अडकलाय.

पहिली. जुन्या मोठ्या इनलाइन पंपाला वंगण इंजिनाच्या ऑइलचं मिळे. व्हीपी 44 ला वंगणही डिझेलचंच आणि थंडावाही डिझेलचाच. म्हणून जाळायला लागतं त्याच्या कितीतरी जास्त डिझेल त्यातून फिरवून टाकीत परत पाठवतात. लिफ्ट पंपाने दाब द्यायचा साधारण 10 ते 15 पीएसआय. किती कमी आहे बघा, आपण कारच्या टायरमध्ये तीस-बत्तीस भरतो. पण हा एवढासा दाब पडला की मोठा पंप कोरडा आणि गरम व्हायला लागतो.

दुसरी गोष्ट जागेची. हे आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. विहिरीच्या काठावर मोटर ठेवली तर ती पाणी ओढते. फूटव्हॉल्व्ह गळला, पाइपात हवा शिरली, की बादलीने पाणी ओतत बसा. आणि पाणी सात-आठ मीटरच्या खाली गेलं की काठावरची मोटर कितीही दमदार असो, ओढूच शकत नाही. पाणबुडी मोटर पाण्यातच असते, ती ढकलते, आणि ढकलायला खोलीची अडचण नाही. या गाडीत काय झालं? पंप काठावर ठेवला. टाकीपासून लांब, इंजिनाच्या उष्णतेत, इंजिनाच्या थरथरीत, आणि त्याला सांगितलं ओढ. ओढताना डिझेलमधले बुडबुडे सुटतात, आणि पंपाला बुडबुड्यांइतकं वाईट काही नाही. त्यात नळ्या अरुंद. जोडणीचे ते पोकळ बोल्ट, बँजो बोल्ट, तिथे वाट आणखी बारीक.

व्हायचं ते झालं. हे लिफ्ट पंप लवकर जातात अशी त्यांची ख्याती झाली. आणि यातला खरा घात ऐका. लिफ्ट पंप मेला तरी गाडी चालते! व्हीपी 44 च्या आत स्वतःचा एक छोटा व्हेन पंप आहे, तो मेलेल्या पंपातूनही डिझेल ओढून घेतो. डॅशबोर्डवर इंधनाच्या दाबाचा काटा कंपनीने दिलाच नव्हता. मालकाला वाटतं सगळं ठीक. काही आठवड्यांनी, महिन्यांनी, ट्रेलर मागे असताना मोठा पंप मरतो. लिफ्ट पंप शे-दोनशे डॉलरचा. मोठा पंप हजाराच्या पुढे, मजुरी वेगळी. एका गाडीवर पोट असलेल्या माणसाचा हंगामच जातो.

न्याय म्हणून सांगतो, सगळे व्हीपी 44 उपाशी राहून मेले असं नाही. काही त्यांच्या डोक्यावरच्या इलेक्ट्रॉनिक्समुळे गेले. काहींच्या मालकांनी ताकद वाढवायची खोकी लावून डिझेलची भूक वाढवली आणि पंप तोच ठेवला. पण कमी दाबाने पंप गेला की आणखी कशाने, हे दाब मोजल्याशिवाय कळणार कसं?

म्हणून या कहाणीतली पहिली सुधारणा नवा पंप ही नव्हतीच. ती होती दाबाचा काटा. कंपनीने दिला नाही तो मालकांनी स्वतः बसवला. बँजो बोल्टला भोक पाडून, आटे पाडून तिथून दाब घेतला. इंजेक्शन पंपाचे ठोके नळीत उलटे येतात, त्यांनी सेन्सर मरतो, म्हणून मध्ये अडसर घातला. केबिनमध्ये डिझेलची नळी आणायची नाही, हेही शिकले. त्याआधी लोक काय करत? किल्ली स्टार्टरला नुसती टेकवून सोडली की पंप वीस-पंचवीस सेकंद गुणगुणतो, ते ऐकत. पण गुणगुणतोय म्हणजे दाब देतोय असं नाही. आवाज चालू आणि दाब शून्य, असंही होतं.

काटा आला तसे मग पंपाचे प्रयोग सुरू झाले. काहींनी पुन्हा तोच पंप, त्याच जागी. सगळ्यात स्वस्त, आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच. काहींनी साधा विजेवरचा पंप घेऊन तो मागे चासीवर टाकीजवळ, टाकीच्या तळाच्या पातळीला बसवला, नळ्या रुंद केल्या, पंपाआधी फिल्टर किंवा जाळी टाकली. पंप फार भारी नव्हता, जागा बदलली होती. काहींनी फिल्टरसकट तयार संच घेतले, ते कित्येक पटींनी महाग. आणि काहींनी पंप टाकीतच उतरवला, पाणबुडी मोटरसारखा. गंमत म्हणजे पुढे कंपनीनेही तेच केलं. 2003 मध्ये कॉमन रेल आलं, आणि 2005 च्या सुमारास या गाड्यांचा लिफ्ट पंप कारखान्यातूनच टाकीत गेला.

आता भाच्याला काय कळवायचं? माझं मत असं. पंप विकत घ्यायच्या आधी काटा घे. मग चढावर, ट्रेलर मागे असताना, पूर्ण अॅक्सिलरेटर देऊन दाब किती राहतो ते बघ. उभ्या गाडीतला आकडा फसवा असतो. दहाच्या खाली जात असेल तर आधी फिल्टर बदल, नळ्या आणि जोडण्या कुठे हवा ओढतायत का ते बघ. कधीकधी पंप निर्दोष निघतो. पंपच गेला असेल तर पाकिटावरच्या नावापेक्षा दोन आकडे विचार : किती दाबाला किती डिझेल देतो. नुसता दाब छापलेला असेल आणि प्रमाण नसेल, तर तो स्वस्त पंप सोडून दे. डुप्लिकेट माल ओळखायची ही युक्ती नाना पेठेतही चालते. आणि इंजिनाच्या अंगावर पुन्हा बसवू नकोस, मागे ने.

टाकीत बसवायचा असेल तर एक अडचण आधीच सांगून ठेवा. टाकी उतरवायला लागते, किंवा मागचा हौदा बोल्ट काढून एका बाजूला कलता करायला लागतो. तिकडचे लोक बहुतेक हौदाच उचलतात, चार मित्र बोलावून. टाकीच उतरवायची असेल तर ती आधी रिकामी व्हायला आली पाहिजे, हे मात्र भाच्याला नक्की सांगा. भरलेली टाकी जॅकवर तोलून धरणं म्हणजे काय, हे एकदा केलेल्या माणसाला विचारावं.