जुने लाकडी चाक उकलावे कोठून?

१/५ भंडारा जिल्ह्यातील धान असो वा तुमसरकडील खाणींचे मँगनीज, मोटारी येण्यापूर्वी हे ओझे बैलगाडीच्या लाकडी चाकांनी वाहिले.

२/५ आरंभीच्या मोटारींनीही लाकडी आरेच स्वीकारले. फोर्डच्या मॉडेल टीला (१९०८) आणि तिच्या मालवाहू भावंडाला, मॉडेल टीटीला (१९१७), तशीच चाके होती.

३/५ बैलगाडीच्या चाकात मध्यभागी तुंबा, त्यात रोवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर वक्र पुठे आणि भोवती लोखंडी धाव. लोहार धाव मुद्दाम किंचित लहान घडवी. आगीत तापून ती प्रसरण पावे, चाकावर चढे आणि पाणी पडताच आकसून सारे सांधे आवळी.

४/५ म्हणून दुरुस्तीसाठी उकलताना क्रम उलटा: आधी धाव, मग पुठे, मग आरे. धावेचा ताण सोडवण्याआधी आरा ठोकला, तर त्याचे कुसूच मोडते. मोटारीच्या चाकात मात्र आऱ्यांची पाचरीसारखी मुळे परस्परांना भिडवून लोखंडी चकत्यांमध्ये बोल्टांनी आवळलेली असत. तेथे ते बोल्टही सोडवावे लागतात.

५/५ प्रत्येक आऱ्यावर आधी खूण करणे अनिवार्य. हाताने तासलेला आरा दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही. रबरी चाकांनी लाकडी चाक मागे सारले. त्यामुळे घाईने फोडलेल्या चाकासोबत सुतार-लोहारांच्या हिशेबाचा उरलेला पुरावाही नष्ट होतो.