तळटीप : ‘त्याच पहिल्या ऑगस्टला’

१४. ‘त्याच पहिल्या ऑगस्टला’ : १ ऑगस्ट १९२०, रविवार. लोकमान्य टिळक मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात गेले ते मध्यरात्र उलटल्यावर. थोडे आधी गेले असते तर पुण्यतिथी ३१ जुलैला पडती. असहकाराच्या आरंभासाठी गांधीजींनी ही तारीख आधीच मुक्रर केली होती. तेव्हा टिळक गेले म्हणून चळवळ सुरू झाली, असा अर्थ मजकुरातून काढू नये. कैसर-इ-हिंद पदक परत करणारे गांधीजींचे व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांना पत्र याच तारखेचे. आणि याच दिवशी त्यांनी टिळकांना खांदाही दिला. अंत्ययात्रा भर पावसात निघाली, पार्थिव मांडी घातलेल्या स्थितीत होते, आणि दहन नेहमीच्या स्मशानात न होता गिरगाव चौपाटीवर झाले.

लेखकाच्या नजरेतून एक नोंद निसटली आहे (त्या दिवशी तिची खबर गावाबाहेर कोणाला असणार?) : वाटेगाव, तालुका वाळवा, तेव्हाचा सातारा व आताचा सांगली जिल्हा, येथे अण्णा भाऊ साठे यांचा जन्म. त्यामुळे टिळकांची स्मृतिशताब्दी आणि ‘फकिरा’कारांची जन्मशताब्दी २०२० साली एकाच दिवशी आली, आणि करोनाच्या निर्बंधांमुळे दोन्ही मोजक्या माणसांत उरकाव्या लागल्या. — संपा.