माशाच्या पोटातले शिसे: नकली माशाच्या तोलाचा इतिहास

१/१२
मासा गळाला लागावा म्हणून माणसाने लाकडाचे, धातूचे आणि अलीकडे रेझिनचे नकली मासे घडवले. त्यांनाच ‘ल्युअर’ म्हणतात. त्यांचे रंग आणि खवले आपल्या डोळ्यांत भरतात. पाण्यात मात्र त्यांचे भवितव्य ठरते ते पोटात दडवलेल्या काही ग्रॅम वजनाने. ते वजन नेमके कुठे बसवावे, या एका प्रश्नाचा हा इतिहास.

२/१२
प्रश्न फार जुना आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने तरंगत्या वस्तूंवर ग्रंथ लिहिला. वस्तू तरंगते की बुडते, एवढ्यावर तो थांबला नाही. कलती केलेली वस्तू पुन्हा सरळ होते का, हेही त्याने तपासले. वजन वस्तूला एका बिंदूतून खाली ओढते, तो गुरुत्वमध्य. पाणी तिला दुसऱ्या बिंदूतून वर उचलते, तो उत्प्लावनमध्य. तोल म्हणजे या दोन बिंदूंमधले नाते.

३/१२
हे नाते बिघडले की काय होते, हे १० ऑगस्ट १६२८ रोजी स्टॉकहोमच्या बंदरात दिसले. स्वीडनची ‘वासा’ ही नवी युद्धनौका पहिल्याच सफरीत सुमारे १,३०० मीटर जाऊन कलली आणि बुडाली. तोलासाठी तळाशी दगडांचे वजन, म्हणजे नीरम, भरलेले होते. पण नौकेचा वरचा भाग त्या मानाने फार जड होता. पुढे १७४६ मध्ये पिएर बूगेर या फ्रेंच विद्वानाने जहाजाच्या स्थैर्याचे गणित ग्रंथरूपाने मांडले.

४/१२
जहाजाला तरी एक सवलत असते. ते कलले की त्या बाजूचा अधिक भाग पाण्यात शिरतो आणि पाणी त्याला सावरते. पूर्ण बुडालेल्या माशाला ही सवलत नाही. त्याचा गुरुत्वमध्य उत्प्लावनमध्याच्या खालीच हवा, नाहीतर तो पोट वर करून उलटतो. म्हणून वजनाची जागा पोटात, पाठीत नव्हे.

५/१२
ग्रंथ न वाचता हे साधणारे कारागीर उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांकाठी होते. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर अंधारी झोपडी उभारायची, बर्फाला भोक पाडायचे, दोरीला बांधलेला लाकडी मासा खाली सोडायचा आणि त्याच्याकडे येणाऱ्या खऱ्या माशावर भाला मारायचा. ओजिब्वे लोकांमध्ये ही कला रुजलेली होती. पुढे गोऱ्या वसाहतकारांनीही ती उचलली.

६/१२
लाकूड आपणहून बुडत नाही. म्हणून माशाच्या पोटात खाच कोरून तीत वितळलेले शिसे ओतले जाई. ते मासा बुडवी आणि सरळही ठेवी. शिसे मागे सरकले तर शेपूट खाली लोंबते. नेमके बसले तर दोरीच्या हलक्या झटक्यासरशी मासा गोल पोहू लागतो. मिशिगनमधील कॅडिलॅकच्या ऑस्कर पीटरसन (१८८७–१९५१) यांनी असे हजारो मासे कोरले. आज ते लोककला म्हणून जपले जातात.

७/१२
मग तोल जितका पक्का तितके चांगले? नाही. फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी हेरले होते, की मोठा मासा कळपातल्या डुलत, लडखडत चालणाऱ्या माशावर झडप घालतो. १९३६ मध्ये त्यांनी बुचाच्या लाकडाचा मासा कोरला, त्यावर चॉकलेटची चांदी चढवली आणि छायाचित्रांच्या वितळवलेल्या निगेटिव्हचा लेप दिला. पोटात वाजवीपेक्षा जास्त शिसे भरले तर हे डुलणेच मरते. मासा उलटू नये, पण लडखडावा. जागा शोधायची ती या दोहोंच्या मधली.

८/१२
नंतर रेझिन आले. १९४६ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने ‘ॲरल्डाइट’ लोकांसमोर आणले. आपल्याकडे ते डिंकासारखे चिकटवायला घरोघरी पोहोचले. हे इपॉक्सी रेझिन पाण्याहून किंचित जड असते. त्यामुळे भरीव रेझिनचा मासा शिशाविनाही बुडतो. तो तरंगता हवा असेल तर रेझिनमध्ये काचेचे अतिसूक्ष्म पोकळ गोळे मिसळावे लागतात. त्यानंतरच शिशाचा विचार.

९/१२
खरा बदल क्रमाचा झाला. लाकडात आधी मासा, मग पाण्यातली परीक्षा, मग शिसे. चुकले तर तासून काढता येई. रेझिनमध्ये वजन आधीच तारेवर अडकवून साच्यात ठेवायचे आणि वरून रेझिन ओतायचे. ओतताना ते कडेला सरकले तर मासा जन्मभर एका कुशीवर कलून पोहतो. म्हणून घरी मासे ओतणारे आधी नमुन्याला गळ आणि कड्या लावतात, पोटाशी वजन तात्पुरते चिकटवतात आणि बादलीत जागा ठरवतात. गळांनाही वजन असते, हे विसरून चालत नाही.

१०/१२
पुढे-मागेचा वाद उरतोच. वजन शेपटीकडे असेल तर फेकलेला मासा सरळ आणि दूर जातो. पण पोहताना ते पोटाच्या पुढच्या भागात असलेले बरे. यावर तोडगा म्हणून पोकळ माशात घरंगळणारी गोळी आली: फेकताना मागे, ओढताना पुढे.

११/१२
या शिशाची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली. अन्न दळण्यासाठी हंस बारीक खडे गिळतात. इंग्लंडच्या नद्यांत त्या खड्यांसोबत गळाच्या दोरीवरची, पाण्यात पडलेली शिशाची वजने त्यांच्या पोटात गेली आणि ते विषबाधेने मेले. १९८७ पासून ब्रिटनमध्ये अशा लहान शिशाच्या वजनांची विक्री बंद झाली. त्यानंतर हंसांची संख्या पुन्हा वाढली.

१२/१२
रेझिनमध्ये बंद केलेले शिसे मासा शाबूत असेपर्यंतच बंद असते. खडकावर फुटला की ते पाण्यात उघडे पडते. त्याऐवजी टंगस्टन वापरता येते. शिसे पाण्याच्या सुमारे ११.३ पट जड, तर टंगस्टन १९.३ पट. तेवढेच वजन कमी जागेत मावते, त्यामुळे ते पोटात आणखी खाली बसवता येते. पण मग गुरुत्वमध्य उतरतो, डुलणे बदलते आणि जुने माप चालत नाही. शिसे सोडणाऱ्याला बादलीपाशी बसून ती जागा पुन्हा नव्याने शोधावी लागते.