पदकाचा काठ वाचताना

जुनं पदक हातात आलं की आपण आधी राजाचा चेहरा पाहतो. इतिहासाच्या दृष्टीने मात्र आधी काठ पाहावा.

१९१४-१८ च्या महायुद्धाचं ‘ब्रिटिश वॉर मेडल’ घेऊ. चांदीचं, ३६ मिलिमीटर व्यासाचं. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. काठावर बारीक रोमन अक्षरांत शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण. ही अक्षरं ठशाने उमटवलेली असतात. ती हाताने कोरलेली दिसली, किंवा काठ घासल्यामुळे व्यास कमी भरला, तर नाव बदलल्याची शंका घ्यावी. मजूर तुकड्यांना हेच पदक कांस्याचं मिळालं. युद्ध एकच, पण धातू माणूस पाहून ठरला!

आता जतनाचं. दिवाळीला भांड्यांबरोबर आपण पदकही घासून लख्ख करतो. दर वेळी थोडी चांदी जाते, अक्षरं पुसट होतात. तेव्हा काळं पडलेलं पदक तसंच राहू द्यावं. फीत न काढता, आम्लरहित कागदात, कोरड्या जागी.

एवढा आग्रह कशासाठी? आपल्याकडे काही गावांत त्या युद्धाच्या शिळा आहेत. इथून इतके गेले, त्यांतले इतके कामी आले, एवढंच त्यांवर लिहिलेलं. आकडा आहे, नावं नाहीत. आपल्या घरातला माणूस त्या आकड्यात होता, याचा हाती धरता येईल असा पुरावा पुष्कळदा हा काठच असतो. तेच पदक सोनाराकडे चांदीच्या भावात मोडलं, तर पैसे मिळतील. नाव मिळणार नाही.