नगरच्या कॉलेजची पदवी नेमकी कोण देतं?

पाटीवर ‘कॉलेज’ लिहिलं म्हणून पदवी मिळतेच असं नाही. 1956 च्या यूजीसी कायद्याच्या कलम 22 नुसार पदवी देऊ शकतं ते विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था.

अहिल्यानगर जिल्ह्यात राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ स्वतः पदवी देतं. लोणीची प्रवरा वैद्यकीय विज्ञान संस्थाही देते, कारण ती अभिमत विद्यापीठ आहे. आर्ट्स, सायन्स, कॉमर्सच्या कॉलेजांची पदवी मात्र साधारणपणे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची. कॉलेज फक्त संलग्न. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा एमएसबीटीईचा असतो. आयटीआयचं मिळतं ते व्यवसाय प्रमाणपत्र.

आणि नॅकची ‘ए’ श्रेणी? तो दर्जाचा शेरा, पदवीचा परवाना नव्हे. बोगस विद्यापीठांची यादी यूजीसीच्या वेबसाइटवर असते; फी भरण्याआधी ती उघडून बघा.