औषधी मद्यार्काचे नियमन आणि वणीची घटना : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
मद्यार्क हा अनेक औषधांचा घटक आहे. टिंक्चरमध्ये तो द्रावक म्हणून, तर सॅनिटायझरमध्ये जंतुनाशक म्हणून वापरला जातो. औषध सहज मिळावे, परंतु त्याचा गैरवापर होऊ नये, या दोन गरजांचा मेळ घालणे हा औषध नियमनापुढील जुना प्रश्न आहे. वणी (जि. यवतमाळ) येथील २०२१ ची घटना याच संदर्भात अभ्यासणे आवश्यक ठरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये मद्यार्कयुक्त औषधांवरही बंधने आली होती. मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये औषधे व प्रसाधने यांच्यापुरती ही बंधने अवैध ठरविली. त्यानंतर १९५२ च्या दुरुस्तीने ‘मादक पेय म्हणून वापरण्यास अयोग्य’ असलेल्या औषधांना सूट मिळाली. पुढे करोना साथीत, जुलै २०२० मध्ये, केंद्र शासनाने सॅनिटायझरच्या विक्रीसाठी परवान्याची अट शिथिल केली. साथ नियंत्रणासाठी हा निर्णय उपयुक्त होता. मात्र विक्रेत्याकडील देखरेख त्यामुळे कमी झाली.

वणीतील घटना :
एप्रिल २०२१ मध्ये निर्बंधांमुळे मद्यविक्रीची दुकाने बंद होती. अशा वेळी मद्याऐवजी सॅनिटायझर प्राशन केल्याने वणी येथे सात जणांचा मृत्यू झाला. त्यापूर्वी ३१ जानेवारी रोजी याच जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात १२ बालकांना पोलिओ लसीऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले होते. ही बालके उपचारानंतर बरी झाली. एक घटना व्यसनातून, तर दुसरी निष्काळजीपणातून घडली. दोन्हींत बाह्य वापराचा पदार्थ पोटात गेला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या एका सूत्रानुसार सॅनिटायझरमध्ये ८० टक्के इथेनॉल असते. भेसळीने मिथेनॉल मिसळल्यास शरीरात फॉर्मिक आम्ल तयार होऊन अंधत्व वा मृत्यू ओढवतो.

निष्कर्ष :
‘पिण्यास अयोग्य’ ही कसोटी बाटलीतील पदार्थाला लागू पडते, व्यसनाधीन माणसाची तल्लफ ती रोखू शकत नाही. दीर्घकाळच्या व्यसनात मद्य अचानक बंद झाल्यास कंप, झटके व भ्रम उद्भवतात. त्यावर वैद्यकीय उपचार लागतात. म्हणून मद्यविक्री बंद करताना तालुका पातळीवर व्यसनमुक्ती उपचार उपलब्ध ठेवणे हाही औषधसुरक्षेचाच भाग मानला पाहिजे.