प्रतिकृतीला आवाज देताना: वऱ्हाडातील वाफेच्या इंजिनांचा श्राव्य इतिहास

१/ आगगाडीच्या प्रतिकृतीचा रंग, चाके, क्रमांक आपण बारकाईने पडताळतो. आवाज मात्र कोणत्याही इंजिनाचा चालवून घेतो. वास्तविक तो आवाजही इतिहासाविषयीचे एक विधान असतो. ते कसे, हे आजच्या थ्रेडमध्ये पाहू.

२/ उदाहरण घेऊ डब्ल्यूपी इंजिनाचे. १९४७ मध्ये अमेरिकेच्या बाल्डविन कारखान्यातून पहिली १६ इंजिने आली. बंदुकीच्या गोळीसारखे नाक, त्यावर तारा, असे त्यांचे स्ट्रीमलाइन्ड रूप होते. १९६७ पर्यंत अशी ७५५ इंजिने तयार झाली आणि देशभरच्या ब्रॉडगेजवर त्यांनी मेल-एक्सप्रेस ओढल्या.

३/ आता ‘झुकझुक’ मोजू. इंजिनाला दोन सिलिंडर. प्रत्येकात वाफ दट्ट्याला दोन्ही बाजूंनी ढकलते. म्हणून चालक चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके पडतात. चाकाचा व्यास १७०५ मिलिमीटर, म्हणजे साधारण दर १.३४ मीटरला एक ठोका. ताशी ६० किलोमीटर वेगात सेकंदाला बारा ठोके! तेथे ‘झुकझुक’ उरत नाही, सलग घरघर होते.

४/ १:८७ प्रमाणाच्या प्रतिकृतीत हेच अंतर सुमारे १५ मिलिमीटर होते. ध्वनीचा डिकोडर चाकाच्या फेऱ्यांशी जुळवला नाही, तर डोळ्यांना एक वेग दिसतो आणि कानांना दुसराच ऐकू येतो.

५/ आवाज भारावरही ठरतो. स्थानक सोडताना ठोके जड आणि सुटे असतात. स्थानकात शिरताना चालक रेग्युलेटर बंद करतो; ठोके थांबतात आणि उरतो तो दांड्यांचा खणखणाट व रुळांच्या सांध्यांचा खडखडाट. अकोला आणि बडनेरा पूर्णेच्या सपाट खोऱ्यातील स्थानके. तेथील प्रतिकृतीत घाट चढणाऱ्या इंजिनाचे धापा टाकणे घातले, तर भूगोलच चुकतो.

६/ मूर्तिजापूरची प्रतिकृती केली, तर दुसरा आवाजही हवा. येथून अचलपूर व यवतमाळकडे ‘शकुंतला’ धावे. तिचे मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेले झेडडी इंजिन १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले आणि डिझेल आले. लहान चाकांमुळे त्याचे ठोके अंतराच्या मानाने जवळजवळ पडत. ब्रॉडगेजचा आवाज बारीक करून येथे वापरणे म्हणजे एका कागदपत्रावर दुसऱ्याची मोहोर उमटवणे.

७/ मग पुरावा कोठून आणावा? हरियाणातील रेवाडी येथे १९६५ चे, चित्तरंजनमध्ये बांधलेले ‘अकबर’ हे डब्ल्यूपी जतन केलेले आहे. अशा इंजिनाच्या ध्वनिमुद्रणातून ठोके मिळतील, पण वऱ्हाडातील फलाट मिळणार नाही. तो जुन्या गार्डच्या, हमालाच्या, रुळांकाठी वाढलेल्या आजीच्या स्मरणात आहे.

८/ १९९४ मध्ये वीस वर्षांचा असलेला श्रोता आज पन्नाशी ओलांडून गेला आहे. इंजिन संग्रहालयात थांबून राहील; श्रोता थांबणार नाही. म्हणून घरच्या वडीलधाऱ्यांना एवढेच विचारा: “गाडी यायची तेव्हा सर्वांत आधी काय ऐकू येई?” उत्तर मुद्रित करा, गाव व वर्ष नोंदवा. आणि प्रतिकृतीखाली इंजिनाच्या क्रमांकाबरोबर आवाजाचा स्रोतही लिहा.